बाहीवरून ओळखलेली पलटण

मावशी, काल ऑफिसात कपाट उघडलं, एक शिशाचा शिपाई हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "कफ टोकदार आहे. रंग लाल." समोरच्या टेबलावरचे बडे बाबू चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुझ्या वेताच्या खुर्चीत कोणी नाही. मी शिपाई परत कापसात ठेवला. मग पुन्हा उचलला आणि या वेळी मनातल्या मनात म्हटलं. काम थांबवायचं नाही, एवढं मी ठरवलेलं आहे.

तुला जाऊन पंचवीस दिवस झाले. येणारे-जाणारे आता थांबलेत. आई तुझी लुगडी उन्हात घालते आणि परत घडी करून ठेवते, देऊन टाकायचं नाव काढत नाही. मी रडले ते पहिल्या तीन दिवसांत. त्यानंतर जे आहे त्याला रडणं म्हणता येणार नाही. काहीतरी अर्धं राहिलंय आणि ते पुरं केल्याशिवाय मला बसवत नाही, असं काहीसं.

हे सगळं सुरू कसं झालं ते तू लोकांना नेहमी चुकीचं सांगायचीस. म्हणायचीस, कुसुमनं मला कामाला लावलं. खरं उलटं आहे. दरबारच्या कोठारातल्या वस्तू सरकारजमा होऊन आमच्या ऑफिसात आल्या, त्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. झुंबरं, घड्याळं, भुसा भरलेला एक वाघ, आणि एका लाकडी पेटीत शिशाचे एकशे त्र्याऐंशी शिपाई. बोटाएवढे, रंगवलेले, बरेचसे टवके उडालेले. पेटीवर चिठ्ठी होती, 'विलायती खेळणी'. आमचे साहेब तेव्हा सरकारबरोबर ग्वाल्हेरला निघाले होते, हिवाळ्यात मध्यभारतची राजधानी तिकडे असायची. जाता जाता म्हणाले, "लिख दो ना, अंग्रेज सिपाही, एक सौ तिरासी नग. और क्या."

मी घरी येऊन जेवताना सहज सांगितलं. निळा कोट, पांढरी छाती, डोक्यावर नळकांड्यासारखी उंच टोपी. तुझा हात ताटातच थांबला.

"छातीवरचा पांढरा पट्टा खाली सरळ कापलाय की टोकाला निमुळता आहे?"

"मी नाही बघितलं."

"मग काय बघितलंस? कफ कसा आहे? चौकोनी की टोकदार?"

"मावशी, खेळणी आहेत ती."

"निळा कोट इंग्रजाचा नसतो गं. तोफखाना असला तर असतो, त्याची छाती पांढरी नसते. हे फ्रेंच आहेत. नेपोलियनचे. उद्या बराबर बघून ये."

मी तुझ्याकडे बघतच राहिले. मला तू ठाऊक होतीस ती आईची मोठी बहीण म्हणून. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं आणि दरबारच्या कपडे-कोठीत कलाबतूचं काम करायला लागली, एवढं. रिसाल्याच्या सरदारांच्या कॉलरवर, कफांवर तू सोन्याच्या तारेनं वेलबुट्टी भरायचीस. त्यातच डोळे गेले. तुला उजेड आणि सावली कळायची, बाकी नाही. पण त्या कोठीत एक मोठं चित्रांचं पुस्तक होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कोण्या फिरंगी बँडमास्तरानं मागे ठेवलेलं. नेपोलियनच्या काळातल्या सगळ्या फौजांचे पोशाख, पानोपानी, रंगीत. दरबारच्या बँडचे, स्वारांचे नवे पोशाख त्यातली चित्रं बघून कापले जायचे. खालची अक्षरं तुला वाचता येत नव्हती, कोठीतले शिंपी चार-दोन नावं सांगायचे तेवढीच. तू शेवटची वीस वर्षं नुसती चित्रं बघितलीस, आणि ती तुझ्या डोक्यात शिवल्यासारखी बसली. कोठी बंद झाली तेव्हा ते पुस्तक कुठे गेलं, कोणालाच माहीत नाही.

पुढच्या शनिवारी तू तांग्यात बसून जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या घरून ऑफिसात आलीस. साहेब ग्वाल्हेरला होते, विचारणार कोण.

मला आठवतं, पहिला शिपाई तुझ्या तळहातावर ठेवला तेव्हा तू आधी टोपीवरून बोट फिरवलंस, मग कफावरून, मग कोटाच्या मागच्या शेपटांवरून. चेहऱ्याला हात लावला नाहीस. रंग मी सांगायचा, काट, म्हणजे कपडा कसा बेतलाय ते, तू बघायचीस, असं आपोआप ठरून गेलं. बायका दाणे निवडतात तसं तू पलटण निवडायला लागलीस. हा टोपीवर केसाळ अस्वल घेऊन बसलाय, खांद्यावर झालर आहे, पांढरी छाती आहे ना? मग हा खास पहाऱ्यातला. हा पांढऱ्या कोटाचा ऑस्ट्रियाचा, हा फिक्या निळ्या कोटाचा, डोक्यावर सुरवंटासारखा तुरा, बव्हेरियाचा. या देशांची नावं मी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या इंग्रजी ज्ञानकोशातून शोधून आणायची. तुझी नावं वेगळीच होती. सुरवंटवाले. अस्वलवाले. काळे. मला अजूनही तुझीच आधी आठवतात.

साहेब उन्हाळ्यात परत आले तो शनिवारच होता. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "ये कौन हैं?"

"मेरी मौसी हैं, सर. पहचान करती हैं."

"दिखता है इनको?"

"नहीं, सर."

साहेब आत आले. खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता नोकरी गेली. तू मात्र हातातला शिपाई खाली ठेवला नाहीस. साहेबांनी मुद्दाम, तुझी परीक्षा घ्यायला म्हणून, वेगळ्या कपाटातून एक स्वार काढून तुझ्या हातात दिला. डोक्याला पागोटं, सैल विजार, वाकडी तलवार. त्यांनी स्वतःच त्याला देशी वस्तूंमध्ये ठेवला होता, 'मराठा सरदार' अशी चिठ्ठी लावून.

तू बराच वेळ लावलास. घोड्याच्या पोटाशी बोट नेऊन रिकिबीपाशी थांबलीस.

"साहेब, हा आपला नाही."

"पगड़ी तो है."

"पगडी असू दे. आतली टोपी बघा, किती उंच. आणि रिकीब बघा, तव्यासारखी रुंद, अख्खं पाऊल मावतंय. आपल्या स्वाराची रिकीब अशी नसते. मी चाळीस वर्षं स्वारांच्याच कपड्यांत घालवली. हा मिसर देशातून नेपोलियननं आणलेला स्वार आहे. त्याच्या खास फौजेत होते असे. विजार लाल आहे का कुसुम?"

लाल होती. साहेबांनी स्वार हातात घेतला, खिडकीपाशी नेला, रिकीब बघितली. सोमवारी ज्ञानकोश मागवून घेतला. मंगळवारी चिठ्ठी बदलली. तुला हे मी सांगितलं तेव्हा तू फक्त म्हणालीस, "माणूस चांगला आहे. घाईत असतो." पण त्या दिवशी तू दोन वेळा चहा मागितलास, हे माझ्या लक्षात आहे.

आता ते सांगायला हवं जे मी टाळते आहे.

हिरव्या कोटाचे अकरा पायदळी शिपाई होते. मी तुला एकामागून एक दिले. तू म्हणालीस, निळे. मी म्हटलं, मावशी, हिरवे आहेत, गडद हिरवे. तू म्हणालीस, छातीचा पट्टा खाली निमुळता आहे, कफ टोकदार आहेत, विजार कोटाच्याच रंगाची आहे, हे फ्रेंचांचे हलके पायदळवाले, यांचा कोट निळाच असतो. मी ज्ञानकोशात वाचून आले होते की रशियाचे शिपाई हिरव्या कोटाचे. त्याचा मला जरा तोरा होता.

"रशियनाच्या छातीला वेगळा पट्टा नसतो," तू म्हणालीस. "बटणांच्या दोन ओळी असतात नुसत्या. कधीची सांगून राहिले तुला."

"रंग हिरवा आहे. मी कागदावर निळा कसा लिहू?"

"वर काहीतरी बसलं असेल. कलाबतूसुद्धा काळी पडते. काट बघ."

"डोळे माझे आहेत की तुझे?"

हे मी म्हटलं. ऑफिसात, बडे बाबू ऐकत असताना. तू तपासून झालेले शिपाई हातानं चाचपून एका ओळीत उभे केलेस, पदर सावरलास आणि म्हणालीस, "तांगा बोलव."

पुढच्या शनिवारी तू आली नाहीस. त्याच्या पुढच्या शनिवारी तुला ताप होता. घरी आपण सगळं बोलत होतो, औषध, दूध, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण. त्या एका गोष्टीवर मात्र तू बोलली नाहीस आणि मीही नाही. मला वाटायचं, बरी झाली की म्हणू. माणूस किती सहज असं धरून चालतं.

ताप उतरेना तेव्हा एका दुपारी तू विचारलंस, "किती राहिले?"

"एक्केचाळीस."

"वही आण."

आणि तू ते पुस्तक सांगायला लागलीस. पहिल्या पानापासून. डोळे मिटलेले, हात पांघरुणावर, आणि तू एकेक चित्र उलटत होतीस. डावीकडे उभा आहे तो, टोपी अशी, फीत अशी, कॉलर पिवळी, कोटाच्या शेपटाची टोकं उलटून पांढरी. उजवीकडे ढोलवाला, त्याच्या बाह्यांवर पट्टे, मोज. नऊ दुपारी. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आई दारात उभी राहून माझ्यावर चिडायची, मग आत येऊन तुला पाणी पाजायची आणि परत जायची. एकदा मी पेन ठेवलं. तू विचारलंस, "का थांबलीस?" मी म्हटलं, दमली असशील. तू म्हणालीस, "मी दमले तर मी सांगेन. तू लिही."

दहाव्या दुपारी तू सांगितलं नाहीस. पुस्तक संपलं होतं की तू, हे मला कळलं नाही. गणपती उठले त्याच आठवड्यात तू गेलीस. त्या वहीत ते निमुळत्या पट्ट्याचे, टोकदार कफाचे हलके पायदळवाले आहेत. तू बाकी सगळ्यांसारखंच त्यांना सांगितलंस, आवाज न बदलता. कोट, निळा. मी लिहिलं, निळा. तेवढ्यात माफी मागता आली असती. तुझा हात माझ्यापासून वीतभर लांब होता.

मावशी, तुझे दिवस झाले आणि मी कामावर गेले, तर टेबलावर हुकूम. नोव्हेंबरात मध्यभारत राहणार नाही, नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. आमचं ऑफिसही तिकडे जाणार, सगळं सामान तिकडे जाणार. जाण्याआधी वस्तू नीट दिसाव्यात म्हणून शिपाई रंगवून घ्यायचे. साहेबांनी परदेशीपुऱ्यातल्या रामेश्वर पेंटरला बोलावलं होतं. गिरण्यांच्या पाट्या रंगवणारा माणूस. तो रंगांचे डबे घेऊन आलाही होता. लाल, निळा, पांढरा, चकचकीत.

मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले. मला दुसरं काही सुचलं नाही. रामेश्वर बिचारा गोंधळला.

"बहनजी, साब ने कहा है."

"रंग दिला की यांची ओळख गेली," मी म्हटलं. "हा कोणाचा शिपाई, ते रंगावरूनच कळतं. तुम्ही कोणता निळा देणार? कॉलर कोणत्या रंगाची करणार?"

"जो बोलोगे वो कर देंगे."

"मला अजून माहीत नाही. म्हणून तर."

तो माणूस समजूतदार. डबे खाली ठेवले, म्हणाला, दिखाओ तो सही. मी त्याला हिरव्यांपैकी एक दिला. त्यानं तो खिडकीच्या उजेडात फिरवला, नखानं हलकेच खरवडला, वास घेतला. म्हणाला, "ये हरा थोड़ी है. ऊपर पुराना वार्निश है, पीला पड़ गया. नीले पर पीला चढ़ा तो हरा ही दिखेगा ना." आणि कापसाच्या बोळ्यावर थोडंसं तारपीन घेऊन त्यानं शिपायाच्या काखेत, जिथं कोणाला दिसणार नाही तिथं, पुसलं. कापूस पिवळा झाला. काख निळी झाली.

तू बरोबर होतीस. मी चुकले होते, आणि नुसती चुकले असते तर काही नव्हतं. मी जे बोलले ते बोलायला नको होतं. हे मी आता लिहिते आहे, मोठ्यानं म्हणत नाही, कारण म्हणायला समोर कोणी हवं.

आम्ही दोघांनी अकराच्या अकरा पुसून बघितले. दहा निळे निघाले. अकरावा हिरवाच राहिला. कितीही पुसला तरी हिरवा. नीट बघितलं तर त्याच्या छातीला पट्टा नाही, बटणांच्या दोन ओळी. त्याला तुझा हात कधी लागलाच नव्हता. मी रंग बघून ढिगात टाकला होता आणि तू सहाव्या-सातव्यालाच तांगा मागवलास. रशियन असेल. पण त्याची टोपी तुझ्या वहीतल्या रशियन टोपीशी जुळत नाही, तेव्हा मी 'ओळख पटली नाही' असं लिहिलं. घाई करणार नाही.

साहेबांकडे मी पिवळा कापूस घेऊनच गेले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "रहने दो पेंट." रामेश्वरला भुसा भरलेल्या वाघाची चौकट रंगवायला दिली. मग मी यादी पुढे केली. टाइप केलेली, बावीस पानं. शेवटच्या पानावर बोट ठेवून साहेब म्हणाले, "ये क्या है?"

तिथं मी टाइप केलं होतं : पहचान, श्रीमती द्वारकाबाई निकम, भूतपूर्व कलाबतू कारीगर, कपड़ा-कोठी, इंदौर.

"कुसुमजी, सरकारी काग़ज़ है. घर की बुज़ुर्ग का नाम इसमें कैसे जाएगा?"

मी म्हटलं, "सर, कपडे-कोठीच्या जुन्या रजिस्टरात मी शोधलं. शिंप्याचं नाव आहे, धोब्याचं आहे, घोड्यांची नावं आहेत. तिथं लिहिलंय, कलाबतूवाली बाई, एक. चाळीस वर्षं, बाई एक. हे नाव काढलंत तर मी सही करणार नाही. यादी दुसऱ्याकडून करून घ्या."

मला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. खिडकीबाहेर बघितलं. मग विचारलं, "निकम में 'नि' छोटी है ना?" आणि सही केली.

त्यांची सही आहे. त्याच्याखाली माझी आहे. वर तू आहेस.

अजून सव्वीस राहिलेत. तुझी वही आहे, रामेश्वरनं तारपीनची बाटली आणि कापूस देऊन ठेवला आहे, आणि भोपाळला म्हणे मोठं ग्रंथालय होणार आहे. शिपाई मी स्वतः पेटीत भरले, एकेक कापसात गुंडाळून. ज्यांना इंदुरात राहायचं त्यांना दुसऱ्या ऑफिसात जागा मिळते आहे. बडे बाबू राहतायत. मी सोमवारी अर्ज दिला, भोपाळला जाणार म्हणून.

आईला काल सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, एकटी बाई, परका गाव, राहशील कुठे, खाशील काय. मी सगळ्याला उत्तरं दिली. बायकांच्या शाळेतल्या एका मास्तरणीकडे खोली बघितली आहे, सुट्टीला येईन, दर आठवड्याला पत्र टाकीन. तिनं शेवटची पोळी तव्यावरून काढली आणि म्हणाली, "द्वारकेलाही मी कोठीत जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. पाय धरले होते तिचे. तिनं कुठे ऐकलं."

मला वाटलं, आता रडेल. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि तुझ्या बहिणीनं, मावशी, पलंगाखाली वाकून माझी ट्रंक स्वतः बाहेर ओढली.